ओझं उतरवायचं की नाही, हे ठरवताना

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, आरोग्याच्या सत्रात आपल्या एका सखीने केलेलं हे भाषण. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, जसं त्या बोलल्या तसंच, थोडं आवरून इथे देत आहोत. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव आणि गाव छापलेलं नाही.)



अध्यक्षताई म्हणाल्या, पंधरा मिनिटं बोला. गटात हिशेब वाचायला उभी राहते तेव्हा माझा आवाज कापत नाही. आज कापतोय, कारण विषयच तसा आहे. मी छातीच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे. कॅन्सरचं ऑपरेशन नव्हे. काही बायांचे स्तन फार मोठे, जड असतात. त्याने मान-पाठ धरते, अंग सडतं. ते लहान करायचं ऑपरेशन असतं. ते मी सहा वर्षांपूर्वी करून घेतलं. कुणाला हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या, मग ऐका.

मागच्या दोन महिन्यांत तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आक्का, मी करू का?" म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर सांगावं. करा म्हणायला मी आलेली नाही आणि करू नका म्हणायलाही नाही. मला काय मिळालं आणि माझं काय कायमचं गेलं, ते सांगते. ठरवायचं तुमचं तुम्ही.

दुखणं कसलं होतं

चौदाव्या वर्षापासून मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायला शिकले. शाळेत पळायच्या शर्यतीतून नाव काढलं. लग्न झालं, दोन लेकरं झाली, प्रत्येक वेळी छाती वाढली आणि पुन्हा तेवढी कमी झाली नाही. चाळिशीला आले तेव्हा खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे चर पडले होते. बोट घातलं तर बसायचं. सोयाबीनची खुरपणी करताना वाकलं की मान पुढे ओढली जायची. संध्याकाळी हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे उन्हाळा. छातीच्या खालच्या घडीत घाम साचायचा, लाल पुरळ यायचं, कातडी सोलायची, वास यायचा. मी खोबरेल लावायची, पावडर टाकायची. पावडरीचा घामात चिखल व्हायचा. कुणाला दाखवणार? गावात डॉक्टर पुरुष. पाठ दुखते एवढंच सांगायची. ते गोळी द्यायचे. तीन वर्षं मी दुखायची गोळी खाल्ली, पोटात जळजळ सुरू झाली ती वेगळीच.

घरात सासूबाई म्हणायच्या, "देवानं दिलंय, त्याचं काय दुखणं?" त्यांना दोष देत नाही. त्यांचंही तसंच होतं, त्यांनी सोसलं.

शेळीच्या नावाचं कर्ज

शहरात एका खाजगी दवाखान्याची जाहिरात पाहिली. तिथे सांगितलं, एक लाख तीस हजार लागतील. तीस हजार आधी भरा. एका दिवसात घरी, डागसुद्धा राहत नाही. मी हुरळले. गटात कर्जाची मागणी केली. कारण काय लिहावं? छाती लिहवेना. मी लिहिलं, 'शेळीपालन'.

आमच्या सचिव वहिनींनी अर्ज वाचला. म्हणाल्या, "अहो आक्का, तुमच्याकडे ना गोठा ना चारा. शेळ्या बांधणार कुठं?" बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि मी रडले. सगळं सांगितलं. तोवर नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "पैसे मिळतील. पण भरायच्या आधी सरकारी मोठ्या दवाखान्यात विचारून येऊ. मी येते सोबत." एक म्हैस घ्यायची तर आपण चार गोठे हिंडतो. स्वतःच्या अंगावर सुरी चालवायची, तर एकच दार बघून मी आगाऊ पैसे भरायला निघाले होते.

पहिल्या भेटीत ऑपरेशन नाही

हे ऑपरेशन प्लास्टिक सर्जरीच्या विभागात होतं. नाव ऐकून मला वाटलं, आत प्लास्टिक बसवतात. तसं काही नसतं. प्लास्टिक हा ग्रीक शब्दावरून आलेला शब्द, अर्थ आकार देणं. ही विद्या आपल्याकडची जुनी आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं, ती हकिगत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती. हे मला तिथल्या डॉक्टर मॅडमनीच सांगितलं, माझी भीती घालवायला.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात हा विभाग नसतो. शासकीय किंवा महापालिकेच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असतो, मुंबईत केईएम, सायनला, तसा नागपूरच्या मेडिकललाही. जवळचं कुठलं, ते आशाताईंना नाहीतर आपल्या आरोग्य केंद्रात विचारा.

मॅडमनी तपासलं. मला वाटलं तारीख देतील. त्यांनी चार महिन्यांची कामं दिली.

एक, ब्रा. आपण तालुक्याच्या दुकानात जातो, काउंटरवर पुरुष असतो, आपण माप न सांगता "मोठी द्या" म्हणतो. फिजिओथेरपीच्या ताईंनी टेपने माप घ्यायला शिकवलं. रुंद पट्ट्यांची, बरोबर मापाची ब्रा घेतली. दोन, मान-पाठीचे व्यायाम. तीन, घडीतल्या पुरळाचं मलम, आणि जागा धुऊन अगदी कोरडी करून मऊ सुती फडकं ठेवायचं. ती बुरशी असते, खोबरेलाने जात नाही. चार, वजन. स्तनात चरबी असते तशी दुधाची ग्रंथीही असते. ज्यांच्यात चरबी जास्त, त्यांचं वजन उतरलं की थोडी छातीही उतरते. सगळ्यांची नाही उतरत. पाच, साखर, रक्तदाब, रक्ताचं प्रमाण आणि माझं वय एक्केचाळीस म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे आत आधीच काही गाठ नाही ना ते बघायला. आणि सहा, मशेरी बंद.

आमच्या बरोबरची एक बाई होती. याच चार महिन्यांत तिचं निम्मं दुखणं गेलं. पुरळ गेलं, मान सैल झाली. ती म्हणाली, "मला नको ऑपरेशन." तिचंही बरोबरच. माझं पुरळ गेलं, पण मान आणि खांदे तसेच राहिले. मग मी हो म्हटलं.

ऑपरेशन आणि माझी चूक

पूर्ण भूल देतात. माझं तीन तास चाललं. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात, आणि स्तनाग्र खाली उतरलेलं असतं ते वर सरकवतात. टाके बोंडाभोवती गोल, तिथून खाली उभे, आणि खालच्या घडीत आडवे. बोटीच्या नांगरासारखा आकार. कुणाकुणाचा आडवा टाका लागत नाही. "डाग राहत नाही" ही शुद्ध थाप. डाग राहतो. वर्ष-दोन वर्षांत फिका होतो, पुसत नाही. ज्यांच्या अंगावर जखमेचा व्रण जाड, फुगीर उठतो, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायचं.

काढलेलं मांस तपासायला पाठवतात. वजन किती भरलं? दोन्ही बाजूंचं मिळून सव्वा किलो. मला वाटलं होतं चार-पाच किलो तरी असेल! पण सव्वा किलोची पिशवी गळ्यात अडकवून दिवसभर खुरपून बघा.

आता चूक सांगते. मशेरी ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतरही बंद ठेवायला सांगितली होती. आधी ठेवली. घरी आल्यावर आठव्या दिवशी वाटलं, दात तर घासायचेत, एवढ्याशाने काय होतंय. उभा आणि आडवा टाका जिथे मिळतो, तिथे डावीकडची जखम उघडली. सात आठवडे ड्रेसिंग. मशेरीमुळेच झालं असं मॅडमनी छातीठोक सांगितलं नाही. त्या जोडावरची जखम मशेरी न लावणारीचीही उघडू शकते. पण तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, टाक्यांना रक्त कमी पोचतं, आणि स्तनाग्रही त्याच रक्तावर जगतं. क्वचित कुणाचं स्तनाग्र काळं पडून जातं. मशेरी ही तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे. त्या दिवसापासून माझी कायमची सुटली.

घरातलं कामही आधी ठरवून ठेवा. पंधरा दिवस तर हात वर करता येत नाहीत. सहा आठवडे हंडा, गवताचा भारा, कडेवर मूल, काही उचलायचं नाही. माझी मोठी जाऊ होती म्हणून निभलं. पेरणीच्या नाहीतर काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

सहा वर्षांनंतर

मान आणि खांद्यांचं दुखणं पहिल्या महिन्यातच हलकं झालं. मुंग्या गेल्या. उन्हाळ्यात पुरळ येत नाही. गोळ्या सुटल्या. मी आता उभी राहते ती सरळ. नातीसोबत दोरीवरून उड्या मारते. या हिशेबाने मला पस्तावा नाही.

कमरेचं दुखणं मात्र गेलं नाही. ते छातीचं नव्हतंच, जन्मभर वाकून खुरपण्याचं होतं. ऑपरेशनने सगळंच दुखणं जाईल अशा आशेने जाल तर फसाल. तुमच्या दुखण्यातलं छातीचं किती आणि कामाचं किती, हे डॉक्टरांकडून आधी समजून घ्या.

डाव्या स्तनाग्राला स्पर्श कळत नाही. उजवीकडे वर्षभराने थोडा कळायला लागला. डावीकडे नाहीच. काहींचा परत येतो, काहींचा येत नाही, हे मला आधी सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि जगणं वेगळं. मालकांना हे सांगायला मला वर्ष लागलं. ते म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" काय उत्तर देणार.

छाती पुन्हा वाढू शकते. मधे माझं आठ किलो वजन वाढलं तर छातीही थोडी भरली. बाळंतपणाने किंवा हार्मोनच्या गोळ्यांनीही वाढू शकते. वयाप्रमाणे ओघळतेही.

आणि तिसऱ्या वर्षी मला गाठ लागली. रात्रभर झोप नाही. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला. ऑपरेशनमध्ये चरबीचा एखादा भाग रक्ताअभावी मरतो, त्याची कडक गाठ बनते, ती निघाली. घाबरण्यासारखं नव्हतं. पण नुसतं हाताने चाचपून हे कळत नाही, म्हणून तपासणी टाळायची नाही. या ऑपरेशनने कॅन्सर होत नाही. पण आता कधी होणारच नाही, असंही नाही. म्हणून पुढे केव्हाही तपासणीला गेलात की आधी सांगायचं, "माझं असं ऑपरेशन झालंय." कागद जपून ठेवायचे. माझे मी बचतीच्या पासबुकासोबत ठेवलेत.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची स्तनांची तपासणी आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते, ऑपरेशन झालेलं असो वा नसो. आणि एकाच बाजूचा स्तन अचानक वाढला, गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, तर ते या विषयातलं दुखणं नाही. थांबू नका, लगेच दाखवा.

भाचीचा प्रश्न

माझ्या नणंदेची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. पोलीस भरतीची तयारी करते. आठशे मीटर पळायचं असतं. मला फोन करून म्हणाली, "मामी, दोन-दोन ब्रा घालून पळते. छाती दुखते, पोरं कडेला उभी राहून हसतात. मला तुमच्यासारखं करायचंय."

माझी लेकरं मोठी झाल्यावर मी ऑपरेशन केलं. तिचं तसं नाही. या ऑपरेशनमध्ये दुधाच्या काही नळ्या कापल्या जातात. पुढे कुणाला पुरेसं दूध येतं, कुणाला थोडं, कुणाला येतच नाही. कुठल्या पद्धतीने करतात, स्तनाग्राखालचा किती भाग जोडलेला ठेवतात, यावर ते असतं, पण खात्री कुणी देत नाही. शिवाय कमी वयात वाढ थांबलेली नसेल तर पुन्हा वाढते. म्हणून घाई नसेल त्यांना लेकरं होईपर्यंत थांबायचा सल्ला देतात.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामी, मूल होईल तेव्हा होईल. माझी पाठ आज दुखतेय आणि भरती यंदा आहे." तिची आई म्हणते, "आधी लग्न होऊ दे, अंगावर डाग घेऊन बसली तर स्थळ कोण देईल?" खरं सांगते, पोरीला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच केलं, तिला घेऊन मॅडमकडे गेले आणि नणंदेला म्हटलं, "वन्सं, आत पोरीला एकटीला बोलू द्या." पाऊण तास बोलली. धावायची घट्ट ब्रा आणि व्यायाम सुरू केलेत, दर सहा महिन्यांनी माप घ्यायचं, वाढ थांबली का ते बघायचं. अजून तिचं ठरलेलं नाही. ठरवेल ती. पोर सज्ञान आहे, सहीही तिचीच लागणार.

जायच्या आधी हे विचारा

लिहून घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये बोलून ठेवा.

1. ऑपरेशन करणारे डॉक्टर प्लास्टिक सर्जरी शिकलेले आहेत का? पदवी एमसीएच किंवा डीएनबी, आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी.
2. ऑपरेशनशिवाय काय करून बघता येईल, किती महिने?
3. माझ्या दुखण्यातलं काय जाईल, काय राहील?
4. टाके कुठे येतील? झालेल्या बायांचे फोटो दाखवा, सहा महिन्यांनंतरचे.
5. स्तनाग्राचा स्पर्श आणि अंगावरचं दूध, याचं काय?
6. जखम उघडली, पू झाला, तर परत कधी यायचं, खर्च कुणाचा?
7. काढलेला भाग तपासायला पाठवणार ना? त्याचा कागद मला मिळेल ना?
8. एकूण खर्च लेखी द्या. योजनेत किंवा विम्यात बसतं का?

योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. दिसण्यासाठीचं ऑपरेशन विम्यात बसत नाही. दुखण्यासाठी गरज आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर विचार होऊ शकतो, पण मंजुरी हातात आल्याशिवाय धरून चालू नका. माझं सरकारीत झालं तरी जाणं-येणं, औषधं, ब्रा, ड्रेसिंग आणि दोन महिन्यांची बुडालेली मजुरी मिळून चोवीस हजार लागले. ते गटाने दिले. मी ते अठरा हप्त्यांत फेडले, एकही चुकवला नाही.

आता शेवटचं. कर्ज मंजूर झालं तेव्हा अर्ज पुन्हा लिहायचा होता. सचिव वहिनींनी 'शेळीपालन' खोडलं. मी म्हटलं, काय लिहू? त्यांनी त्या बैठकीत सगळ्यांसमोर ठराव घातला की, आजारपणाच्या कर्जाच्या अर्जावर 'आजारपण' एवढंच लिहायचं. कुठल्या अवयवाचं, हे बैठकीत कुणी विचारायचं नाही. दवाखान्याचा कागद फक्त अध्यक्ष आणि सचिव बघतील. तो ठराव आमच्या इतिवृत्तात आहे. त्यानंतर आमच्या गटात गर्भपिशवीसाठी, मूळव्याधीसाठी, एकीच्या मनाच्या आजारासाठी कर्ज गेलं. आधी त्या बाया काय लिहायच्या देव जाणे. शेळ्याच लिहीत असतील.

तुमच्या गटात असा ठराव नसेल तर पुढच्या बैठकीत घ्या. आणि सोबत यायला कुणी नसेल तर मला सांगा. मंगळवारी मला जमतं.